चमचा तो, सुरी ते

"काटा?" अमालियाने रशियनमध्ये विचारलं.

"ती," वाल्देमार म्हणाला. "दी गाबेल."

"सुरी?"

"तो… नाही, ते. दास मेसर."

लाकडी पळी त्याच्या मनगटावर बसली. चाळिशी उलटलेला, खाणीत काम केलेला आडदांड माणूस, पण त्याने शाळकरी पोरासारखा हात मागे घेतला.

"आई, शेवटी बरोबर सांगितलं ना?"

"शेवटी सांगून चालायचं नाही. तिथला साहेब थांबणार नाही तुझ्यासाठी."

चुलीपाशी नूडल कापणारी त्याची बायको ल्यूबा हसली. "सुरीला ना मिशा ना वेणी, म्हणून 'ते' होय? काय पण जर्मन लोक तुमचे."

"हस, हस," वाल्देमार म्हणाला. "उद्या तुलाही हेच घोकायचंय."

हसण्यावारी न्यावं असं खरं तर काही उरलं नव्हतं. खाण बंद पडली होती. करागंडा शहराच्या बाजूची निम्मी जर्मन घरं जर्मनीला निघून गेली होती आणि त्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. पोरांची शाळाही या वर्षाअखेर बंद होणार होती. जायचं तर शहरात जाऊन साहेबासमोर जर्मन बोलून दाखवायचं, आणि तेही जन्मात एकदाच. नापास झालं की दार कायमचं बंद. ल्यूबाने तर पडदेसुद्धा काढून गाठोड्यात बांधले होते.

अमालिया स्वतः जाणार नव्हती. "लहानपणी, लढाईच्या दिवसांत, जर्मन म्हणून आगगाडीच्या गुरांच्या डब्यात कोंबून इथे आणून टाकलं मला," ती म्हणायची. "आता पुन्हा कुणी हलवायचं नाही. टेकडीवर हाइनरिखच्या शेजारी माझी जागा आहे. तुम्ही जा. मी आड यायची नाही." म्हणून अर्ज वाल्देमारच्या नावाने गेला. बर्फ वितळलं की टेकडीवरच्या बापाच्या थडग्यावरचा लोखंडी क्रूस तोच रंगवायचा. पुढे कोण रंगवणार, हे मात्र तिने कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी एला मावशीची परीक्षा झाली तेव्हा सोबतीला अमालियाच गेली होती. परत आल्यावर अंगातला कोटही न काढता तिने सांगितलं, "नुसतं तो-ती-ते विचारतात रे. एला कशीबशी निसटली." एला मावशी त्याच महिन्यात जर्मनीला गेली आणि अमालिया कामाला लागली. शहरात जर्मन शिकवून निवृत्त झालेल्या नेली अब्रामोव्हना तिनेच शोधून काढल्या. अंडी, साय, जे असेल ते घेऊन त्यांना गळ घातली.

बाई कडक होत्या. जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून त्या शिकवायच्या. चमचा नुसता पडलेला असेल तर 'देर', चमच्याने खाल्लं की 'देम'. वाल्देमारच्या घरची जुनी गावठी जर्मन हे शेवट सगळे गिळून टाकायची. बाई कपाळाला हात लावायच्या.

"माझी भाषा मोडकी आहे," अमालिया म्हणाली. "तुझ्या कानावर पडली तर सगळं मुसळ केरात." त्या दिवसापासून ती घरात जर्मन बोलेनाशी झाली. कोंबड्यांनासुद्धा रशियनमध्ये हाका मारू लागली. वाल्देमारच्या तोंडून सवयीने घरचा शब्द निसटला की पळी बसायची. आईचं हे मुकं होणं त्याला फार लागायचं. आपल्यासाठी हिने बोलणंसुद्धा सोडलं, असं तो ल्यूबाला सांगायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे.

निघताना तिने त्याची कॉलर सारखी केली. "शिकवलं कुणी विचारलं तर बाईंचं नाव घे, मान मिळेल. माझी गावठी बोली तिथे काढू नकोस."

साहेब चष्मेवाला होता, बोलायला मऊ. त्याने घराबद्दल, हवेबद्दल विचारलं. वाल्देमार एकदाही अडखळला नाही. प्रत्येक तो, ती, ते जागच्या जागी.

"वा. कुणाकडे शिकलात?"

"नेली अब्रामोव्हना. फार नावाजलेल्या बाई आहेत."

"आणि घरी?"

"घरी रशियनच," तो ऐटीत म्हणाला.

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "लहानपणी आई कोंबडीला काय म्हणायची, आठवतं?"

शब्द जिभेच्या टोकावर होता. पण मनगट आपोआप आखडलं. "दास हून," तो म्हणाला. पुस्तकातला शब्द, अगदी शुद्ध.

"माझ्यापेक्षाही शुद्ध बोलता तुम्ही," साहेब म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटत असावं. "पण आम्हाला आईबापांकडून आलेली भाषा हवी असते. शिकवणीची चालत नाही."

घरी येऊन वाल्देमार आईच्या मांडीत डोकं घालून रडला. "मी आहे ना," म्हणत ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. ल्यूबाने गाठोडं सोडलं आणि पडदे पुन्हा टांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून आईचा आवाज आला. "हिंकल, हिंकल, हिंकल!" कितीतरी महिन्यांनी ती कोंबड्यांना त्यांच्या जुन्या नावाने बोलावत होती. वाल्देमारला तेवढंच बरं वाटलं.

मग तो जर्मनीला फोन लावायला पोस्टात गेला. एला मावशीने त्यांच्यासाठी खोली बघून ठेवली होती, ती नको म्हणून कळवायचं होतं.

"नापास?" मावशीला खरंच वाटेना. "तू? अरे, असं विचारलं तरी काय?"

"तो-ती-ते सगळं बरोबर आलं, मावशी. तुला विचारलं होतं तसंच."

"मला कुठे विचारलं? मला आयुष्यात ते आलं नाही," मावशी म्हणाली. "साहेबाने विचारलं, घरी कोंबडीला काय म्हणायचे. मी म्हटलं हिंकल. तो हसला आणि म्हणाला, पुरे, आजीबाई, आईकडून आलेली एवढीच भाषा आम्हाला हवी, पुस्तकातली नको. अमालियाला विचार ना, माझा हात धरून शेजारीच बसली होती."