रॅकमधले पाच जण

अरे ऐका ना! ताईने आणि मी भंगारातले पाच कॉम्प्युटर चपलांच्या रॅकमध्ये एकावर एक रचले. पाचांनी मिळून एकच मोठं गणित सोडवायचं, आणि एक बंद पडला तर त्याचं काम बाकीच्यांनी उचलायचं. गणित मस्त पळत होतं, पण एक बंद करून बघायला कोणी धजेना.

"तू काढ प्लग."

"तूच काढ, ताई. सगळंच आडवं झालं तर?"

तेवढ्यात आई मिक्सर घेऊन बाहेर आली. "सरका, स्वयंपाक खोळंबलाय!" म्हणत तिने एक प्लग उपटला आणि तिथे मिक्सर लावला. आमचा जीव टांगणीला! स्क्रीनवरचं गणित जरासं अडखळलं... आणि पुन्हा धावायला लागलं! चौघांनी पाचव्याचं काम उचललं होतं! आम्ही नाचतोय तोवर आई मिक्सर उचलून निघालीसुद्धा. तेव्हा दिसलं, मिक्सरचं भांडं रिकामंच होतं.