बिघडवलेली कोडी

त्याने पान उलटलं, पटाकडे नीट पाहण्याआधीच वजीर उचलला आणि म्हणाला, "झालं. पुढचं."

बुद्धिबळाच्या कोड्यांचं ते पुस्तक घोटून घोटून त्याची पानं सुटी झाली होती. रविवारी क्लबाच्या संघाची निवड होती. जागा एकच होती, आणि गेल्या वर्षापर्यंत ती त्याचीच होती. ती हातची गेल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. पटाला ती सवत म्हणायची आणि दोन हात लांब राहायची; मोहऱ्यांच्या चाली तेवढ्या तिला बघून बघून ठाऊक होत्या. पण आज तिला कुतूहल वाटलं. हा बघून सांगतोय की आठवून? अक्षरांचा तक्ता पाठ करून धडाधडा वाचणारे महाभाग तिच्याकडेही यायचे.

दुसऱ्या दिवशी कोडं तिनेच मांडून ठेवलं. फक्त समोरच्या राजापुढचं कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. तो आला, ऐटीत वजिराचा बळी दिला, हत्ती शेवटच्या रांगेत आपटला. "मात."

"अहो, राजा त्या फटीतून पळतोय की."

तो बघतच राहिला. मग चिडला. "पुस्तकात ते प्यादं मागे आहे."

"समोरचा तुमचं पुस्तक वाचून येणारे का?"

जेवताना तो कसनुसा हसत म्हणाला, "रोज असंच एखादं बिघडवून ठेव. कुठलं ते सांगू नकोस."

आधी तिने हाताला येईल ते हलवलं. ते त्याने चुटकीसरशी पकडलं. मग मात्र ती इरेला पेटली. सगळं तसंच दिसलं पाहिजे, पण नेमकी ती चाल फसली पाहिजे. असं काय हलवावं? भाजी चिरताना, दुकानात काचा घासताना तिच्या डोक्यात तेच. तिला त्यात भलतीच गंमत वाटू लागली होती. तोही आता मोहऱ्याला हात लावण्याआधी सगळा पट न्याहाळायला शिकला.

शनिवारी संध्याकाळी त्याचा नेहमीचा जोडीदार आलाच नाही. सरावाचा डाव हुकणार म्हणून तो कासावीस झाला. "तूच बस," तो बायकोला म्हणाला. "येईल तसं खेळ."

ती बसली. चहा गार व्हायच्या आत तिच्या घोड्याने त्याच्या राजाला शह दिला आणि त्याच चालीत वजीरही कैचीत धरला. त्याने उभं राहून पाहिलं, वाकून पाहिलं. सुटका नव्हती.

"हे कधी शिकलीस?"

"शिकले कुठे? तुमचं कोडं बिघडवायचं तर आधी ते सोडवावं लागायचं."

वाईट त्याला वाटलंच. मग त्याने मोहरे पुन्हा मांडायला घेतले.

"उद्या तूही चल निवडीला."

"जागा एकच आहे ना?"

"म्हणून तर म्हणतोय. घरातली घरात राहील."