पाळीवरचा चिकणा

"रांडीचा पाय लागला, म्हणूनच पाळ फुटली!" उमराव भर पंचांत ओरडला.

हस्ताचा पाऊस रात्रभर कोसळला होता. तलावाच्या पाळीला दोन्हीकडं भगदाडं पडली. निसवलेलं धान गाळाखाली गेलं. मोहाच्या झाडापासून पाणी सोडायच्या तुडुमापर्यंतचा मधला पट्टा तेवढा उभा होता. बरोबर गावाच्या डोक्यावरचा. तो गेला असता तर आज बोलायला उमरावही उरला नसता.

नवरा मेलेल्या बाईनं पाळीवर पाय ठेवायचा नाही, ही गावाची रीत. अनुसयाबाईनं ती मोडली. आज सकाळी तिच्या दिरानं, उमरावनं, तिला पाळीवर पाहिलं. मग काय, पाण्याचा दोष तिच्या माथी मारायला कितीसा वेळ लागतो! मालगुजारी मोडली त्या साली हीच पाळ घालताना तिचा नवरा मातीखाली दबून मेला होता. त्याची लाज मात्र कुणाला नव्हती.

"आजच्या आज मायेरी निंग, वयनी," उमराव म्हणाला. "भावाच्या धानाच्या बांधीचं नाव काढू नको."

पंचांतले म्हातारे देवचंद जन्मभर तलावच बांधत आले होते. ते उभ्या पट्ट्याकडं पाहत होते. तिथं चिकण्याची झुडपं माजली होती. चिकणा, तुपकडी, भुईचिकणा, साऱ्या एका घरच्या बहिणी. मातीला चिकटून, मुळांत मुळं अडकवून बसल्या होत्या. ऊन चढलं तशी त्यांची पिवळी फुलं उघडत होती.

"यानंच माती धरली," देवचंद म्हणाले. "पण हा त पडितातला झाडोरा. येथं कोनं लावला?"

त्यांनी पाळीवर नजर फिरवली. उरलेल्या साऱ्या पाळीवर चिकण्याचं एक रोप नव्हतं.

"तू कोठून जात होतीस, बाई?" देवचंदांनी विचारलं.

अनुसयाबाई उमरावसमोर येऊन उभी राहिली. ती रडली नाही.

"पडितातून. रोज. मोहापासून तुडुमापावतर. तुमचा भाऊ दबला तेथवर."

तिनं लुगड्याचा काठ वर धरला. चिकण्याच्या कुसळी बियांनी तो भरून गेला होता. तिनं मूठभर बी ओरबाडलं आणि उमरावच्या पायाशी फेकलं.

"जेथं माहा पाय लागला तेवढीच पाळ राह्यली, भाऊजी. तुमच्या साऱ्यायच्या पायाखालची गेली."