गावचं दुकान

गावातलं एकुलतं एक मटणाचं दुकान बंद पडू नये, म्हणून रेगुलाने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. 'स्विस पैसा स्वित्झर्लंडमध्येच' ही दुकानाच्या दारावरची पाटीही तिनेच रंगवलेली.

आणि दर शनिवारी ती नवऱ्याला घेऊन गुपचूप सीमेपलीकडे, जर्मनीत खरेदीला जायची. तिथं सगळं निम्म्या भावात. पगार कितीही स्विस असला, तरी महिनाअखेर काही त्याला घाबरत नाही.

त्या शनिवारी बिलाच्या रांगेत तिने मान वर केली, तर पुढे रोबी! गावचा खाटीक!

"उर्स, लप!"

"ढकलगाडीसकट कुठं लपू?" नवरा म्हणाला.

तेवढ्यात रोबी वळलाच. त्याची नजर थेट तिच्या गाडीतल्या किलोभर मटणावर गेली.

"अरे रोबी, हे म्हणजे... अचानक पाहुणे आले, म्हणून..." रेगुला लालेलाल झाली.

रोबीने इकडेतिकडे पाहिलं, जवळ सरकला आणि हळूच म्हणाला,



"ते राहू द्या हो, बाई. सीमेवर माणशी एकच किलो मटण सोडतात आणि माझं झालंय दोन किलो. तुम्ही दोघं आहात, घेता का एक किलो तुमच्या पिशवीत?"