लंगडीची थाळी

गोजरबाईने दाण्याची थाळी पदराआड घेतली आणि लंगडी धडपडत उठून उभी राहिली.

लंगडी म्हणजे सुनेच्या, सविताच्या शेडमधली, मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी. अंगावर मांस असं भराभर चढलं की पायांना ते पेलेना. अशा पाखरांची मान मुरगाळायची, असा पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या साहेबाचा हुकूम. ही एक गोजरबाईने सविताच्या हातातून काढून घेतली होती. हळद-तेलाने पाय चोळले, उन्हात बसवली, गुण येईना. मग पारनेरच्या बाजारात उशीर झाला, दाणा द्यायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी ही बया चार पावलं चालली. तेव्हापासून म्हातारी तिला अर्धपोटीच ठेवत होती. अंग उतरलं, पायांत बळ आलं.

आता ती गोजरबाईच्या मागे मागे फिरायची. चोच उघडी. भुकेने तिच्या पायाची नखं टोचायची, पांढरा खडा दिसला की त्यावर तुटून पडायची. म्हातारीचा लळा लागलाय, असं शेजारणी कौतुकाने म्हणायच्या. गोजरबाईला ते कौतुक सोसत नव्हतं. तिच्या दारातून कुत्रंसुद्धा कधी उपाशी गेलं नव्हतं.

त्या दुपारी कंपनीची गाडी आली. पाखरं रिकाम्या पोटी न्यायची म्हणून शेडमधली खाद्याची भांडी सकाळपासूनच दोरीने वर ओढून ठेवली होती. आत नुसता कालवा चालला होता. अंगणातून लंगडीही ओरडायला लागली.

 गोजरबाईने थाळी काठोकाठ भरली आणि लंगडीपुढे ठेवली.

"आत्याबाई, परत बसंल ती," सविता म्हणाली. "मग उठायची न्हाई."

"ठावं हाय मला. खायला घातलं तर मरती, जगवायची तर उपाशी ठेवायची. ही कसली जात काढली गं माणसानं?"

 सविता पाखरांचे क्रेट मोजायला निघून गेली.

गाडी भरून रस्त्याला लागली तोवर लंगडीचे पाय पोटाखाली मुडपले होते. बसल्या बसल्याच ती खात होती. थाळीचा तळ दिसू लागला तशी गोजरबाई उठली, आत गेली आणि ओंजळ भरून घेऊन आली.