सहा बोटांचा भाऊ

"अंगठा मंग. आधी वाच," रुपीबाई म्हणाली आणि तिनं हात पदराखाली ओढून घेतला.

निशिगंधानं शाईचा पॅड बाजूला ठेवला. कागद वाचला.

*माझ्या आवाजातलं कोणतंही गाणं यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेलं नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.*

"मी खात्री केली?"

"हो, याडी. तुम्ही." तांड्यातल्यांसारखं निशिगंधाही तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"कवा?"

दिग्रसजवळचा बंजारा तांडा. दुपार. लाइट गेलेली. निशिगंधा यवतमाळहून पहिल्या एसटीनं आली होती. गाणी रचणारं यंत्र कुणाचं काही न चोरता, कुठून काय घेतलं ते उघड सांगून, नवं काही रचू शकतं का? आठ वर्षं ती यावरच संशोधन करत होती. आठही वर्षं कंत्राटावर. सोमवारी कायम प्राध्यापकपदाची मुलाखत. फायलीत सगळं होतं.

फक्त रुपीबाईचा हा अंगठा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी याच ओसरीवर तिनं रुपीबाईचा ढावलो रेकॉर्ड केला होता. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. फक्त जपून ठेवायला, असा शब्द तिनं दिला होता. ते रेकॉर्डिंग विभागाच्या संगणकात बंद होतं. यंत्रापासून दूर. तेव्हापासून तिनंही ते पुन्हा ऐकलं नव्हतं.

"मशीनले काय काय चारलं, तू पायलं?"

"यादी आहे ना. आमच्या विभागप्रमुखांनी पाठवली. मी सही केली."

"वाचून?"

"चार हजार पानं आहेत, याडी."

दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली सून दीपा खुदकन हसली. "म्हंजे मॅडम, तुमी बी अंगठाच लावला!"

निशिगंधाचे कान तापले. तिनं फोन काढला.

"हे ऐका. हा यंत्रानं रचलेला ढावलो. यातली एक ओळ मी सगळ्या पुस्तकांत शोधली. यंत्राला दिलेल्या यादीत शोधली. कुठंच नाही. ती यंत्राला स्वतःला सुचली आहे."

फोन गाऊ लागला. आवाज बाईचा, पण कुठल्याच बाईचा नाही. त्यात नवरी भावाला म्हणत होती: हात सोडू नको, भाऊ. तुझं सहावं बोट मला अंधारातही ओळखू येतं.

"अजून एकडाव लाव."

तिनं लावलं.

"याच ओळीवर माझा शोधनिबंध उभा आहे," निशिगंधा म्हणाली.

रुपीबाई फोनकडे बघत राहिली. निशिगंधाला आता तिचाच संशय आला. ही म्हणणार, हे माझं आहे. असं म्हणणारे तिनं पाहिले होते. पुरावा मागितला की गप्प व्हायचे.

तिनं सावधपणे विचारलं, "तुमच्या भावाला सहा बोटं होती का?"

"मले भाऊच नाई."

निशिगंधानं श्वास सोडला. कागद पुढे सरकवला. पॅड उघडला.

*यंत्रानं रचलेल्या गाण्यावर माझा कोणताही हक्क...*

"तू आलती तवा घरी लगीन नवतं," रुपीबाई सावकाश म्हणाली. "जित्या माणसाच्या नावानं असंच रडलं, तं त्याचं वाईट होते. अन् तू तं म्हणे, गाच. मंग रडाले मी एक भाऊ बनवला. थ्याच दुपारी, इथंच बसून. सहा बोटं देल्ली, म्हंजे कोन्या खऱ्या माणसाले लागू नोको."

दीपाचे हात थांबले. "मले नाई सांगतलं कधी, आत्याबाई."

"कोनालेच नाई." रुपीबाईनं उघडा पॅड मिटला आणि निशिगंधाच्या हातात दिला. "थो फक्त तुह्यापाशी होता, मॅडम."