वळणावरचे लहान शिंपले

शिंपल्याची लांबी अडतीस मिलिमीटर भरली. इल्वानं आकडा वहीत लिहिला आणि शिंपला होता तसाच, टोक खाली करून, ओढ्याच्या तळाशी खडीत रोवून ठेवला.

हा एकेचाळिसावा लहान. बाकीचे तळहाताएवढे होते, त्यातले काही वयाची शंभरी ओलांडलेले. पण म्हातारे कितीही असले तरी तिला मोजणीला पाठवणाऱ्या जिल्हा कार्यालयाला त्यांचं कौतुक नव्हतं. लहान सापडले, म्हणजे नवी पिढी जन्मत असली, तरच ओढा जिवंत, आणि जिवंत ओढ्याला संरक्षण.

लहान सगळे इथंच, वळणापाशी सापडायचे. इथला काठ उताराचा होता. तिथेच आल्गोट थर्मास घेऊन बसला होता. शहात्तर वर्षांचा, एका गुडघ्यानं अधू. ओढ्याकाठी आता त्याचं एकट्याचंच घर उरलं होतं.

"चार तास गार पाण्यात वाकून उभी आहेस," तो म्हणाला. "आणि गावातले लोक वेडा मला म्हणतात."

"तुम्ही मासे नसलेल्या पाण्यात गळ टाकता म्हणून म्हणतात."

तो हसला. दर मे महिन्यात तो टेकाड ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर जायचा. त्यानं मासा आणल्याचं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी, पहिल्या मोजणीत, इथं एकही लहान सापडला नव्हता. तसं असेल तर पुढची मोजणी सहा वर्षांनी करायची आणि लहान सापडले तर दरवर्षी, असा कार्यालयाचा नियम. निघताना तिनं तो त्याला सांगितला होता. त्या हिवाळ्यात त्याची बायको गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, वळणापाशी काहीतरी बारीक दिसतंय म्हणून. ती आली, तर तीन होते. तेव्हापासून ऑगस्टमधला एक दिवस या ओढ्याचा ठरलेला होता. ती पोचायच्या आधीच टेबलावर दोन कप, राय धान्याचा पाव आणि चीज मांडलेलं असे. वर्षभरात ती कुणाबरोबर बसून सावकाश जेवायची, ते बहुधा याच दिवशी. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

दोन ओढ्यांच्या मधलं टेकाड म्हणजे निव्वळ खडी. एका कंपनीला ती हवी होती. खडी धुतलेलं गढूळ पाणी आणि ट्रकचा रस्ता कुठल्यातरी एका बाजूला उतरणारच होता, आणि ज्या बाजूला उतरेल तिथले शिंपले गाळात गुदमरणार होते. या बाजूनं उतरायचा तर आल्गोटची जमीन लागणार होती. कराराचा कागद तीन वर्षं त्याच्या स्वयंपाकघरात पडून होता. मुलगी फोनवर सांगायची, सही करा आणि आमच्याकडे राहायला या. तो म्हणायचा, बघतो. इल्वानं एकदाच, सही करू नका, असं म्हटलं होतं. तिलाही त्यानं बघतो असंच सांगितलं होतं.

ती पाण्यातून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. आज तिच्याकडे बातमी होती. ती सांगायला तिनं मोजणी संपायची वाट पाहिली होती.

आता सही केली काय न केली काय, सारखंच, असं तिनं त्याला सांगितलं. जिल्हा कार्यालय हा ओढा कायमचा राखीव करणार होतं. रस्ता आणि पाणी, दोन्ही पलीकडे उतरणार. तिथल्या जमीनमालकानं होकार दिला होता, फक्त तिचा अहवाल जायचा बाकी होता. गेल्या शरदात तिनं स्वतः पलीकडचा ओढा तपासला होता.

"सहाशे म्हातारे निघाले," ती म्हणाली. "लहान एकही नाही. तो ओढा तसाही संपतच आलाय, आल्गोट. एक वाचवायचा तर हाच."

आल्गोटनं कॉफी ओतायला घेतली होती. त्यानं थर्मास खाली ठेवला.

"नीट पाहिलंस?"

"तीन दिवस पाहिलं."

"अहवाल पाठवलास?"

"शुक्रवारी पाठवणार."

त्यानं पाण्याकडे तोंड फिरवलं. आनंद झाला की हा माणूस असंच करतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पुढे एवढंच सांगितलं, की आता ओढा राखीव झाला की मोजणी कुणी बंद करू शकणार नाही. निवृत्त होईपर्यंत ती दरवर्षी येईल.

"ही शिंपल्यांची पोरं पलीकडच्या ओढ्यातली आहेत," आल्गोट म्हणाला. "तू दरवर्षी यावीस म्हणून मी ती इथं आणून ठेवत होतो. उद्या त्यांना परत नेऊन लाव. रस्ता माझ्या बाजूनं उतरू दे, मी सही करतो."